वृक्षाची उंची आणि तिचे ठिकाण

कोणत्याही धर्मकृत्याच्या आरंभी संकल्प सोडावयाचा असतो, आणि त्या संकल्पात कर्त्याच्या नावगोत्राबरोबरच देश व काल यांचा उच्चार करावा लागतो. कोणत्या खंडात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर, कोणत्या संवत्सरी आणि कोणत्या तिथीस हे कृत्य होत आहे, हे सांगितल्यावाचून पुढील क्रियेस हात लावीत नाहीत. देवालयाची पायाभरणी करावयाची झाली, तरी आधी भूमीवर शंकू रोवून त्याच्या छायेने पूर्वपश्चिम साधून घेण्याची रीत आपल्या शिल्पशास्त्रात पूर्वापार चालत आली आहे. सारांश, जे करावयाचे ते कोठे करावयाचे, हे निश्चित असल्याशिवाय त्या करण्यास अर्थ नाही, असा आपल्या पूर्वजांचा दंडक होता.

मापनशास्त्राचा दंडकही नेमका हाच आहे. एखाद्या वृक्षाची उंची ३० मीटर आहे, असे कोणी आम्हास सांगितले, तर ती उंची कितीही काटेकोरपणे मोजलेली असो, तो वृक्ष कोठे उभा आहे हे ठाऊक नसेल तर त्या आकड्याचा उपयोग काय? आज अंतराळातून लेसरच्या प्रकाशाने पृथ्वीवरील अरण्ये मोजली जात आहेत. ह्या मापनात उंचीचा आकडा फार लवकर हाती आला. पण ती उंची कोणत्या जागेची, हे ठरविण्यास मात्र शास्त्रज्ञांस पुष्कळ वर्षे झगडावे लागले, आणि तो झगडा अद्याप पुरता संपलेला नाही. त्या प्रयत्नांचा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, असे आम्ही योजिले आहे. आमच्या देवस्थानांच्या भोवती ज्या राया आणि देवरहाटी आजवर टिकून राहिल्या, त्यांच्याशी ह्या विषयाचा संबंध कसा पोहोचतो, हे लेखाच्या शेवटी दिसून येईल.

देवालयाच्या शिखरावरील यंत्र

भूमीवरील बिंदूचे स्थान शास्त्रीय पद्धतीने निश्चित करण्याचा मोठा उद्योग आपल्या देशात १८०२ साली सुरू झाला. विल्यम लॅम्बटन ह्या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैल लांबीची एक आधाररेषा साखळीने मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत दक्षिण हिंदुस्थान मोजावयास घेतले. कोन मोजण्याचे त्याचे थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे होते. कावेरीच्या सपाट प्रदेशात माडांच्या दाट बनांमुळे दूरची खूण दृष्टीस पडेना, तेव्हा लॅम्बटनने उंच देवालयांचा आश्रय केला. १८०८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर ते अवजड यंत्र दोरांनी चढविले जात असता दोर दगा देऊन गेला, यंत्र भिंतीवर आपटले आणि त्याचे वर्तुळ वाकडे झाले. ज्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी आपल्या भोसले कुळाचा वृत्तांत मराठीत कोरवून ठेवला आहे, तेच हे मंदिर. लॅम्बटनने हताश न होता ते वर्तुळ स्वतः खपून सरळ केले आणि काम पुढे चालविले. पुढे १८२३ साली, हैदराबादहून नागपूरकडे जात असता, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचे देहावसान झाले. त्याची कबरही तेथेच आहे.

हा प्रसंग आम्ही येथे दिला, त्यास दोन कारणे आहेत. एक तर त्या काळी वृक्ष हे मापनातील विघ्न होते. ते टाळण्यासाठी शिखरावर चढावे लागे. आज त्याच वृक्षांचे मापन करण्यासाठी मनुष्याने आपले यंत्र अंतराळात चढविले आहे. दुसरे असे की, यंत्र किंचित वाकडे झाले तर दूरवरचा बिंदू किती ढळतो, हे लॅम्बटनच्या अनुयायांस जसे कळून चुकले, तसेच ते दोनशे वर्षांनी अंतराळातील यंत्राच्या चालकांसही कळून चुकले.

विकलांचा हिशेब

पंचांग पाहणाऱ्यांस अंश, कला आणि विकला ही मापे परिचयाची आहेत. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. म्हणजे विकला हा अंशाचा ३६०० वा भाग. इतक्या सूक्ष्म कोनाची चिंता कोणी करावी, असे सामान्य मनुष्यास वाटेल. परंतु लॅम्बटनचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याच्या मोजणीत मध्य हिंदुस्थानातील कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना ह्या दोन ठिकाणांमधील अक्षांशांचा फरक दोन रीतींनी काढला असता ५.२३६ विकलांची तफावत पडली. एक रीत त्रिकोणांची, दुसरी ताऱ्यांच्या वेधांची. जमिनीवर ही तफावत सुमारे १६० मीटर भरते. एव्हरेस्टचा हा ग्रंथ १८४७ साली प्रसिद्ध झाला.

ती तफावत कारकुनी चूक म्हणून सोडून देता आली असती. पण कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी १८५५ साली असे दाखविले की, हिमालयाच्या आकर्षणाने ओळंबाच थोडासा त्या बाजूस झुकतो. आणि गणिताने पाहता तो झुकाव १५.८८५ विकलांचा फरक पाडावयास पाहिजे होता. मग तो इतका कमी का? ह्या प्रश्नाच्या उत्तरादाखल जॉर्ज एअरी यांनी त्याच वर्षी असा सिद्धांत मांडला की, पर्वतांस खाली खोलवर हलक्या द्रव्याची मुळे असतात. पाच विकलांचा छडा लावू जाता पर्वतांच्या बुडाचे रहस्य उकलले. लहान चुकीचा पिच्छा न सोडण्याचे फळ असे असते. हा पाच विकलांचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो आपणास पुन्हा भेटणार आहे.

प्रकाशाची मोजकाठी

१९६० सालच्या मे महिन्यात अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर-प्रकाश निर्माण केला. हा प्रकाश फारसा न पसरता दूरवर जातो आणि त्याचे अत्यल्पकालिक स्फुरण करता येते. एक स्फुरण सोडावे, ते पृष्ठभागावर आदळून परत येईपर्यंत किती वेळ लागला हे मोजावे आणि प्रकाशाच्या वेगाने गुणून अर्धे करावे, की अंतर निघाले. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात अवघी १५ सेंटीमीटरची चूक होते. १९७१ साली अपोलो १५ ह्या यानातून चंद्राभोवती फिरत असता चंद्रपृष्ठाची उंची अशाच रीतीने मोजण्यात आली. पुढे १९९६ च्या जानेवारीत आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अंतराळ-शटलमधून पृथ्वीच्या भूभागावर हा प्रयोग झाला.

अरण्यावर हे स्फुरण पडले म्हणजे मोठी मौज होते. प्रकाशाचा काही अंश शेंड्यावरील पानांवरून परततो, काही मधल्या फांद्यांवरून आणि उरलेला पानांच्या फटींतून खाली जाऊन जमिनीवरून परततो. परत येणाऱ्या प्रकाशाची ही चढउतार रेखाटली, म्हणजे एक तरंगाकृती मिळते. तिचा प्रथम भाग शेंड्याचा, शेवटचा टोकदार भाग जमिनीचा. दोहोंतील अंतर म्हणजे वृक्षांची उंची. मधल्या भागावरून पर्णसंभार कोठे किती दाट आहे, हेही उमगते. ह्या उंचीवरून लाकडाचा भार आणि त्यात साठलेल्या कर्बाचे प्रमाण यांचा अंदाज करता येतो.

केवळ अरण्यांसाठीच असे यंत्र पाठवावे, ही योजना अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने १९९७ साली स्वीकारली होती. मेरिलँड विद्यापीठाचे राल्फ डुबाया हे तिचे प्रमुख होते. परंतु अनेक अडचणी उद्भवून ते यंत्र उडालेच नाही. त्यानंतर २००३ सालच्या जानेवारीत आइससॅट हा उपग्रह उडाला. त्याचे मुख्य कार्य ध्रुवप्रदेशांतील बर्फाची उंची मोजण्याचे. तथापि वाटेत येणारी अरण्येही त्याने मोजली. त्याच्या प्रत्येक स्फुरणाचा जमिनीवरील ठसा सुमारे ६५ ते ७० मीटर व्यासाचा असे आणि दोन ठशांमधील अंतर सुमारे १७० मीटर. त्याच्या तीन लेसरांपैकी पहिला त्याच वर्षीच्या मार्चअखेर निकामी झाला. उरलेल्या दोहोंवर शास्त्रज्ञांनी काटकसरीने काम चालविले आणि २००९ च्या ऑक्टोबरात अखेरचा लेसरही विझला.

समुद्रावरील कसोटी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ठसा नेमका कोठे पडला, हे कसे कळावे? त्यासाठी तीन गोष्टी लागतात: यान त्या क्षणी कोठे होते, किरण कोणत्या दिशेस सुटला आणि किती अंतर जाऊन परतला. यानाचे स्थान जी.पी.एस. च्या साहाय्याने अल्प चुकीने कळते. अंतराचे तर आम्ही वर सांगितलेच. हवेतून जाताना प्रकाशास जो किंचित विलंब होतो, त्याने अंतर दोन मीटरांहून थोडे अधिक भासते, पण तोही हिशेबात धरून वजा करता येतो. खरे संकट आहे ते दिशेचे. ६०० किलोमीटर उंचीवरून एका विकलेची चूक झाली, तर जमिनीवरील ठसा जवळजवळ ३ मीटर बाजूस सरकतो. दिशा ठरविण्यासाठी यंत्रावर तारे टिपणाऱ्या लहान दुर्बिणी बसविलेल्या असतात. म्हणजे येथेही शेवटचा आधार ताऱ्यांचाच. परंतु दुर्बिणीचा अक्ष आणि लेसरचा अक्ष यांच्यामध्ये उड्डाणाच्या हादऱ्याने अथवा उष्णतेच्या चढउताराने किंचितही फरक पडला, तर तारे बरोबर टिपूनही किरणाची दिशा चुकते.

ही चूक ओळखण्याची एक सुंदर युक्ती गॉडर्ड अंतराळ केंद्रातील स्कॉट लुथ्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपयोगात आणली. किरण सरळ खाली रोखलेला असेल, तर दिशेतील अल्पशा चुकीने अंतर जवळजवळ बदलत नाही, आणि म्हणून चूक लपून राहते. पण यान मुद्दाम, समजा ५ अंशांनी, कलते केले, तर ६०० किलोमीटर उंचीवरून एका विकलेच्या चुकीने अंतरात सुमारे २५ सेंटीमीटरचा फरक पडतो. आता असा कलता किरण महासागरावर फिरवावा. समुद्राच्या पृष्ठाची उंची पुष्कळ अचूकपणे ज्ञात असते; तेव्हा मोजलेले अंतर आणि अपेक्षित अंतर यांतील तफावतीवरून दिशेचा दोष पकडता येतो. आमच्या दर्यावर्दी बांधवांस ह्या युक्तीचे विशेष कौतुक वाटावे: अरण्यातील वृक्षाचे ठिकाण सुधारण्यासाठी आधी समुद्राची साक्ष काढावी लागते.

२०१८ च्या सप्टेंबरात उडालेल्या आइससॅट-२ ह्या उपग्रहानेही हीच रीत चालविली. त्याचा हिरवा लेसर सेकंदास १०,००० स्फुरणे सोडतो आणि परत येणारा प्रकाशकण न् कण मोजतो. त्याची कसोटी घेण्यासाठी न्यू मेक्सिको राज्यातील व्हाइट सँड्सच्या ओसाड मैदानात काचेचे लहान परावर्तक ज्ञात स्थानी खांबांवर उभारण्यात आले. त्यांवरून परतलेल्या प्रकाशावरून ठसा कोठे पडला हे थेट ताडून पाहता आले. ह्या सर्व खटपटीने त्याची स्थानचूक सरासरीने ५ मीटरांच्या आत आली.

अंतराळस्थानकावरील पाहुणा

ज्या अरण्य-मापकाचे स्वप्न १९९७ साली भंगले होते, ते वीस वर्षांनी निराळ्या रूपाने साकार झाले. राल्फ डुबाया यांच्याच नेतृत्वाखाली गॉडर्ड केंद्रात ‘ग्लोबल इकोसिस्टिम डायनॅमिक्स इन्व्हेस्टिगेशन’ नामक यंत्र तयार झाले. आद्याक्षरांवरून त्यास ‘जेडाय’ म्हणतात. ५ डिसेंबर २०१८ रोजी त्याचे उड्डाण झाले आणि आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या जपानी कक्षाबाहेरील सज्जावर ते बसविण्यात आले. २०१९ च्या एप्रिलपासून त्याच्या नोंदी सुरू झाल्या. २०२३ च्या मार्चमध्ये दुसऱ्या यंत्रास जागा देण्यासाठी त्यास काढून स्थानकावरच ठेवून दिले होते; २०२४ साली पुन्हा जागेवर बसवून ते कामास लावण्यात आले.

जेडायचे तीन लेसर प्रत्येकी सेकंदास २४२ स्फुरणे सोडतात. किरणांची विभागणी करून जमिनीवर ठशांच्या आठ समांतर ओळी उमटविल्या जातात. प्रत्येक ठसा सुमारे २५ मीटर व्यासाचा. ओळीत दर ६० मीटरांवर एक. आणि दोन ओळींमधील अंतर सुमारे ६०० मीटर. स्थानक विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस ५१.६ अंशांपर्यंत फिरते, त्यामुळे उष्ण कटिबंधातील सारी अरण्ये, आणि अर्थातच आमचा सह्याद्री, त्याच्या टापूत येतात.

पण पाहुण्याचे घर म्हटले म्हणजे काही गैरसोयी आल्याच. अंतराळस्थानक हे सहा-सात माणसांचे राहते घर आहे. त्याचे सूर्यपंख सतत वळत असतात, मालवाहू याने येऊन धक्के देतात, माणसे व्यायाम करतात. ह्या सर्वांनी ते किंचित थरथरते, वाकते आणि डोलते. एकट्या उपग्रहाची स्थिरता त्यास नाही. शिवाय ४०० किलोमीटर उंचीवरून प्रकाश जाऊन परत येईपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या सुमारे पावणेतीन सहस्रांशांत, स्थानक सुमारे २० मीटर पुढे सरकलेले असते! अशा डोलत्या घराच्या सज्जावरून खालच्या अरण्यावर नेम धरावयाचा आहे. २०२० च्या जानेवारीत ह्या नोंदींची पहिली आवृत्ती लोकांस खुली झाली, तेव्हा ठशाच्या स्थानात वीस मीटरांच्या घरातील चूक असे. स्थाननिश्चितीचे गणित सुधारून २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी आवृत्ती निघाली, तीत ही चूक सरासरीने सुमारे १० मीटरांवर आली.

४०० किलोमीटर उंचीवरून १० मीटर म्हणजे किती कोन? हिशेब केला तर तो पाच विकलांहून किंचित अधिक भरतो. एव्हरेस्टच्या वहीत जो आकडा खुपला, जवळजवळ तोच हा आकडा. पावणेदोनशे वर्षांत साधने पालटली, घोडे आणि हत्ती जाऊन अग्निबाण आले. परंतु मनुष्याची परीक्षा पाहणारा कोन तेवढाच राहिला, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

दहा मीटरांचे मोल

येथे कोणी म्हणेल की, एवढ्या अफाट पृथ्वीच्या मापनात दहा मीटरांचे काय मोठे? हा आक्षेप काही अंशी खरा आहे. मैलोगणती एकसारखे अरण्य पसरले असेल, तर ठसा दहा मीटर इकडचा काय आणि तिकडचा काय, उंची तीच येणार. एक-एक किलोमीटरचे चौकोन आखून त्यांतील लाकडाच्या भाराची सरासरी काढावयाची असेल, तरीही ही चूक बाधत नाही. परंतु जेथे अरण्य तुटक आहे, जेथे झाडीस लागून शेत, कुळागर अथवा उघडा कातळ आहे, तेथे दहा मीटरांत जग बदलते. उतारावर ही चूक आणखी जाणवते. ३० अंशांच्या चढणीवर ठसा १० मीटर सरकला, तर जमिनीची उंचीच जवळजवळ ६ मीटरांनी बदलते. आणि २५ मीटरांच्या एकाच ठशात जमीन १४ मीटर वरखाली असल्यामुळे मूळ तरंगाकृतीच पसरट होते.

आणखी एक अडचण आहे. जेडायच्या ठशांमध्ये मोकळी जागा पुष्कळ सुटते. ती भरून काढण्यासाठी ठशांची उंची आणि लँडसॅट उपग्रहाची छायाचित्रे यांची सांगड घालतात. जगातील २०१९ सालच्या वृक्षोंचीचा ३० मीटरच्या चौकोनांचा नकाशा अशाच रीतीने २०२१ साली प्रसिद्ध झाला. आता ठसा दहा-वीस मीटर ढळलेला असेल, तर एका चौकोनातील झाडाची उंची शेजारच्या चौकोनातील गवतास चिकटते, आणि हा चुकीचा पाठ गिरवून पुढील सर्व गणित होते. गुरूनेच अक्षर चुकीचे घातले, तर शिष्याच्या पाटीस दोष देऊन काय उपयोग? हा धोका ओळखूनच जेडायच्या शास्त्रज्ञांनी लाकडाच्या भाराची समीकरणे बसविताना अंतराळातील ठसे आणि जमिनीवरील मोजणी यांची थेट जोडी लावली नाही. विमानातून घेतलेल्या मापनावरून नकली तरंगाकृती तयार करून तिच्याशी जमिनीवरची मोजणी जोडली. हा विवेक प्रशंसनीय होय.

फाटलेल्या पानाचा जोड

विमानातून लेसरने केलेले मापन फार सूक्ष्म असते; एका चौरस मीटरात अनेक बिंदू मोजले जातात आणि त्यांचे स्थान अत्यंत अचूक असते. ब्रायन ब्लेअर आणि मिशेल हॉफ्टन यांनी १९९९ साली दाखवून दिले की, अशा दाट बिंदूंची योग्य बेरीज केली, तर मोठ्या ठशाच्या यंत्रास जी तरंगाकृती दिसली असती, तीच कागदावर निर्माण करता येते. ह्याच तत्त्वावर स्टीव्हन हॅनकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली जेडायसाठी एक प्रतिरूपक सिद्ध केले.

त्यापासून स्थान सुधारण्याची वाट मोकळी झाली. पोथीचे पान फाटून एक तुकडा वेगळा झाला, तर आपण तो मूळ पानाच्या कडेशी थोडा वर, थोडा खाली सरकवीत नेतो. अक्षरांच्या तुटक्या रेषा एकमेकींस मिळाल्या, की जागा सापडली असे समजतो. येथेही तेच. जेडायने नोंदलेले ठसे घ्यावयाचे, विमानातील मापनाच्या नकाशावर त्यांस एक-एक मीटर पूर्वेस, पश्चिमेस, उत्तरेस, दक्षिणेस सरकवावयाचे, आणि प्रत्येक जागी नकली तरंगाकृती व खरी तरंगाकृती कितपत जुळतात ते पाहावयाचे. एकाच ठशावर भिस्त ठेवली, तर फसगत होण्याचा संभव. कारण दोन झाडे सारखी दिसू शकतात. परंतु दोषाचा मोठा भाग एका ओळीतील लागोपाठच्या सर्व ठशांस समान असतो. म्हणून साऱ्या ओळीस मिळून जे सरकणे सर्वाधिक जुळते, तेच खरे मानतात.

जेथे वृक्षांचे असे मापन नाही, पण जमिनीच्या चढउताराचा सूक्ष्म नकाशा आहे, तेथे निराळी वाट आहे. फ्रान्समधील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीत केवळ जमिनीची उंची जुळवून ठशांचे स्थान सुधारलेले आहे. ह्या रीतीचा एक लाभ असा की, वृक्ष वाढतात, तोडले जातात, पाने गाळतात. जमीन मात्र सहसा बदलत नाही, म्हणून नकाशा काही वर्षांचा जुना असला तरी चालतो. पण जमीन सपाट असली, तर ही युक्ती लंगडी पडते. कारण सपाट पाटावर तुकडा कोठेही सरकविला तरी सारखाच बसतो. डोंगराळ मुलखात मात्र ती चांगली चालते. ज्या उतारामुळे स्थानचुकीचा उपद्रव वाढतो, तोच उतार ती चूक शोधण्याचे साधन होतो. सह्याद्रीसारख्या प्रदेशास ही गोष्ट दिलासा देणारी आहे; मात्र त्यासाठी तितका सूक्ष्म भू-नकाशा हाताशी पाहिजे.

राया आणि देवरहाटी

आता आमच्या घरच्या गोष्टीकडे येऊ. गोव्यात जिला देवराय अथवा नुसते राय म्हणतात, रत्नागिरीकडे देवरहाटी आणि घाटावर देवराई, ती ग्रामदेवतेच्या नावे राखलेली झाडी पिढ्यानपिढ्या कुऱ्हाडीपासून दूर राहिली. माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७६ साली पश्चिम घाटातील अशा देवरायांविषयी शास्त्रीय लेख प्रसिद्ध करून त्यांचे महत्त्व विद्वानांपुढे मांडले. सत्तरी तालुक्यातील बांबर येथील निरंकाराची राय रानटी जायफळाच्या कुळातील वृक्षांच्या दलदलीसाठी प्रसिद्ध आहे; असे अरण्य आता फार थोड्या ठिकाणी उरले आहे. ह्या रायांचे वैशिष्ट्य असे की, त्या मौल्यवान आहेत आणि बहुधा लहान आहेत. पुष्कळशा तर एखाद-दुसऱ्या हेक्टराच्या, किंबहुना त्याहूनही लहान असतात.

शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद, म्हणजे एक हेक्टर अथवा अडीच एकरांची, अशी एक राय कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. २५ मीटरचा ठसा पूर्णपणे तिच्या आत पडावयाचा, तर त्याचा मध्य कडेपासून किमान साडेबारा मीटर आत हवा. स्थान अगदी बिनचूक असेल, तर रायेच्या ५६ टक्के क्षेत्रात पडलेला ठसा आपण निःशंकपणे तिचा म्हणू शकतो. १० मीटरची चूक धरली, तर हे क्षेत्र ३० टक्क्यांवर येते. २० मीटरची धरली, तर अवघ्या १२ टक्क्यांवर. आणि १० मीटर ही तर सरासरी. एखादा ठसा तिच्याहून अधिकही ढळतो. उरलेल्या जागी जो ठसा पडेल, तो रायेतील उंच वृक्षांचा की शेजारच्या काजूच्या बागेचा, हे सांगता येणार नाही. रायेचा ठसा बागेच्या नावे मांडला गेला, तर बागेची प्रतिष्ठा फुकट वाढेल. आणि बागेचा ठसा रायेच्या नावे मांडला गेला, तर शेकडो वर्षे जपलेली राय कागदावर खुरटी ठरेल.

ही केवळ काल्पनिक भीती नव्हे. अरण्यांत साठलेल्या कर्बाचा आता हिशेब होतो, त्यावरून व्यवहार ठरतात, आणि कोणती झाडी राखण्यास योग्य व कोणती नाही, याचे निर्णय दूरच्या कचेऱ्यांत नकाशे पुढे ठेवून घेतले जातात. ज्या वस्तूचे मोल तिच्या अंगणात उभे राहिलेल्या मनुष्यास प्रत्यक्ष दिसते, ती वस्तू दूरच्या मनुष्यास आकड्यांतूनच दिसणार. तो आकडा योग्य जागी पडावा, एवढी काळजी घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

ह्या काळजीचा अर्धा भाग शास्त्रज्ञ उचलीत आहेत. दुसरा अर्धा भाग मात्र जमिनीवर राहणाऱ्यांनी उचलावयाचा आहे. अंतराळातील ठसा कितीही सुधारला, तरी राय कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे अंतराळातील यंत्रास कोण सांगणार? पुष्कळ ठिकाणी ही सीमा एखाद्या व्हाळाने, पुरातन पाषाणाने अथवा वृद्धांच्या स्मरणाने ठरलेली असते. वृद्ध जातात, व्हाळ प्रवाह बदलतो. देवस्थानांच्या महाजनांनी आणि गावकऱ्यांनी आपापल्या रायेची सीमा एकदा जाणकार मोजणीदाराकडून अक्षांश-रेखांशांसह मोजून घ्यावी, आतील काही मोठ्या वृक्षांची स्थाने, जाती व उंची नोंदवून ठेवावी आणि तो कागद देवस्थानच्या दप्तरात जमाखर्चाच्या वह्यांइतक्याच काळजीने जपावा, अशी आमची विनंती आहे. ह्या कामास फार द्रव्य लागत नाही; चार जाणत्या माणसांचे काही दिवस लागतात.

लॅम्बटनचे त्रिकोण आज कोणी वापरीत नाही. तथापि त्याने ज्या खुणा जमिनीवर दगडांनी पक्क्या केल्या, त्यांच्या बळावर पुढल्यांनी आपले काम पारखून घेतले. अंतराळातील यंत्रे येतील आणि विझतील. आइससॅटचे तीन लेसर सात वर्षांत संपले, जेडायही एके दिवशी थांबेल, आणि त्याच्या मागून अधिक नेमके यंत्र येईल. त्या प्रत्येकास ताडून पाहण्यासाठी जमिनीवरची पक्की खूण लागणारच. ती खूण आपल्या रायेत आपणच करून ठेविली पाहिजे.